शिंदखेड्यात रंगली पलटणच्या कोचची चर्चा

वीकेंड म्हटला की लोणावळा, महाबळेश्वर, नाहीतर अलिबाग. यंदा गाडी जरा उत्तरेकडे वळवा. तापीकाठच्या या तालुक्याच्या गावात कबड्डीच्या कोचवरून जी चर्चा चालते, ती ऐकल्यावर आपल्या ऑफिसातल्या अप्रेझलच्या मीटिंगा अगदीच फिक्या वाटतात.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. शिंदखेडा म्हटलं की पुण्या-मुंबईतले बरेच जण विचारतात, "जिजाऊंचं ना?" नाही हो! जिजाऊंचं जन्मगाव ते सिंदखेड राजा, बुलडाणा जिल्ह्यातलं. आपण निघालोय ते खान्देशातल्या शिंदखेड्याला, धुळे जिल्ह्यातल्या. त्यात भर म्हणजे रेल्वेच्या टाइमटेबलात या स्टेशनचं नाव 'सिंदखेडा' असं आहे. त्यामुळे तिकीट काढताना एकदा जिल्हा तपासून घेतलेला बरा.

नकाशावर सुरतेपासून भुसावळपर्यंत तापीच्या सोबतीने धावणारी रेल्वेलाइन शोधा. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर, जळगाव अशी ती ओळीने खान्देश ओवत जाते. तालुक्याच्या उत्तरेला तापी आणि तिच्या पल्याड शिरपूर. गावाला लागून बुराई नदी. नाव नदीचं असलं तरी वर्षातले बरेच महिने तिच्यात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. सह्याद्रीने पाऊस अडवून धरल्यावर जो काय उरतो, त्यावर हा तालुका जगतो. कापूस, ज्वारी, बाजरी, मिरची आणि आभाळाकडे लागलेले डोळे.

आता तुम्ही म्हणाल, मग तिथे जायचं कशाला? ना हिलस्टेशन, ना बीच, ना रिसॉर्ट. मी गेलो ते आमच्या ऑफिसातल्या एका मित्रामुळे. हा पठ्ठ्या मूळचा इथला. दिवाळीची सुट्टी दरवर्षी चार दिवस वाढवून घेतो आणि परत आला की तोंड भरून गावाकडच्या कबड्डीच्या गप्पा सांगतो. २०२५ च्या दिवाळीनंतर त्याने फर्मान काढलं, "यंदा पलटण फायनलला जाणार. मॅच बघायची तर आमच्या गावात बघ." झालं. बॅग भरली.

फाट्यावरून आत

पुण्याहून नाशिक, मालेगाव करत धुळं गाठलं, की आग्रा रोडने पुढे निघायचं. वाटेत सोनगीर लागतं. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचं हे गाव, मागे टेकडीवर किल्ला. तिथून पुढे नरडाणा. हायवे सोडून पश्चिमेला वळलं की दोन्ही बाजूंनी कपाशीची शेतं सुरू होतात. ऑक्टोबर संपत आलेला. बोंडं फुटलेली, वेचणीची घाई आणि मजुरांची मारामार. आभाळात जरा ढग जमले, की बोलता बोलता माणसं गप्प होऊन वर बघायची.

इथली भाषा अहिराणी. मराठी सगळ्यांना येते, पण जीव रमतो तो अहिराणीत. टपरीवर बसलो न बसलो तोच प्रश्न आला, "कथाईन उनात दादा?" म्हणजे कुठून आलात. पुण्याहून म्हटल्यावर बाकावर लगेच जागा झाली. 'बठा' म्हणाले, चहा आला, आणि पुढचा प्रश्न थेट मुद्द्याचा: "मग पलटणचं काय होईल उद्या?"

हा गुरुवार होता, ३० ऑक्टोबर २०२५. दुसऱ्या दिवशी दिल्लीत प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाची फायनल. पुणेरी पलटण विरुद्ध दबंग दिल्ली. पुण्यात राहून मला पलटणच्या सातही खेळाडूंची नावं एका दमात सांगता आली नसती. इथे मात्र दहावीतलं पोरगंही कोपरारक्षकाच्या पायाची ठेवण कशी असावी यावर बोलत होतं.

दिवाळीत हे गाव भरलेलं असतं, हे इथे आल्यावर कळतं. चाकणला वेल्डिंग करणारे, सुरतेत कापडाच्या धंद्यात असलेले, नाशिकच्या कंपन्यांत शिफ्ट करणारे, पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे असे सगळे घरी आलेले. खान्देशी माणूस असाच श्रावणात कानबाईच्या सणालाही कुठून कुठून घरी येतो. टपरीवरची मैफल त्यामुळे एकदम मिक्स होती. एका बाकावर कंपनीचं आयकार्ड खिशात विसरलेला तरुण, दुसऱ्यावर पायजम्यातले अप्पा आणि मधे, सगळे ज्यांना नुसतं 'सर' म्हणत होते असे एक निवृत्त पी.टी. शिक्षक.

नवा बॉस आला रे!

विषय होता पलटणचा नवा कोच, अजय ठाकूर. २०२५ च्या हंगामासाठी त्याच्याकडे संघ सोपवला गेला, आणि तेव्हापासून या टपरीवर दोन पार्ट्या पडल्या होत्या.

पहिली पार्टी तरुणांची. त्यांच्यासाठी अजय ठाकूर म्हणजे हिरो. हिमाचलचा हा उंचापुरा चढाईपटू. बचावपटू पाय धरायला झेपावले की त्यांच्या डोक्यावरून उडी मारून मध्यरेषेकडे पळायचा. ती त्याची 'फ्रॉग जंप' पोरांनी मोबाइलवर शंभरदा पाहिलेली. २०१६ च्या वर्ल्डकपची अहमदाबादची फायनल तर त्यांना पाठच होती. हाफटाइमला इराण १८-१३ ने पुढे, भारताचा चेहरा पडलेला, आणि मग ठाकूरने एकट्याने १२ गुण काढले. भारत ३८-२९ ने जिंकला. पुढे तो देशाचा कॅप्टन झाला, २०१९ मध्ये पद्मश्री आणि अर्जुन पुरस्कार मिळाला. शिवाय २०१६ मध्ये तो पलटणकडूनच खेळलेला. "घरचाच माणूस आहे," चाकणवाला म्हणाला. "त्याला चढाई कशी करायची ते कोणी शिकवायला नको."

"त्याला नको, पण त्याने शिकवायचंय ना?" सर म्हणाले.

ही झाली दुसरी पार्टी. यांचा जीव अडकला होता जुन्या कोचमध्ये, बी. सी. रमेशमध्ये. रमेश कर्नाटकचे. स्वतः देशासाठी खेळलेले, पण पोस्टरवर कधी फारसे न झळकलेले. त्यांच्या हाताखाली २०२२ मध्ये पलटण पहिल्यांदा फायनलला गेली, जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पुढच्या हंगामात पुन्हा आली आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा चषक घेऊन गेली. त्याआधी २०१९ मध्ये रमेश यांनी बंगाल वॉरियर्सलाही चॅम्पियन केलं होतं. मग २०२४ च्या हंगामात कॅप्टन अस्लम इनामदार जखमी झाला, गाडी घसरली आणि पलटण प्लेऑफच्या बाहेर. रमेश बंगळुरू बुल्सकडे गेले आणि पुण्याला नवा बॉस आला.

ओळखीचं वाटतंय ना? आपल्या ऑफिसात तरी वेगळं काय होतं! टीममधला स्टार परफॉर्मर उचलायचा आणि मॅनेजर करून टाकायचा. स्वतः टार्गेट दीडपट करणारा माणूस दुसऱ्याकडून काम करून घेईल का, हा प्रश्न एचआरला नंतर पडतो. शिंदखेड्याच्या टपरीवर तो आधी पडला होता.

सात जणांची साखळी

सरांचं म्हणणं नीट समजून घ्यायचं, तर पलटणचा खेळ माहीत हवा. कबड्डीत बहुतेक संघ एका मोठ्या चढाईपटूभोवती बांधले जातात. तो चालला तर संघ चालला. तो बाद होऊन बाहेर बसला, की बाकीचे नुसते वेळ काढतात. रमेश यांच्या पलटणने हे गणित उलटं केलं. एक स्टार ठेवण्यापेक्षा चढाई आणि पकड दोन्ही जमणारी पोरं जमवली. आज अस्लम, उद्या मोहित गोयत, परवा पंकज मोहिते. बचावात तर सातही जण एका दोरीत बांधल्यासारखे पुढे सरकायचे. चढाईपटू आत येण्याची वाट न पाहता त्यालाच मागे रेटायचे.

"हे दिसतं सोपं," सर म्हणाले आणि टपरीच्या पुढ्यातल्या धुळीत काठीने मैदान काढायला लागले. तेरा मीटर बाय दहा, मधोमध मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. "साखळीतला एक जण अर्धा सेकंद आधी झेपावला, तर सातही उघडे पडतात. ती अर्ध्या सेकंदाची शिस्त कोच लावतो. मॅच सुरू झाली की कोचच्या हातात काय? मोजके टाइमआउट आणि बदली खेळाडू. बाकी सगळं आधीच होऊन गेलेलं असतं."

हा मुद्दा मला एकदम पटला. तीस सेकंदांच्या चढाईत कोणी लाइनवरून ओरडून शिकवू शकत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. त्या चढाईला कोणाला पाठवायचं? समोर तीनच बचावपटू उरले तर अव्वल पकडीचा धोका घेऊन आत जायचं की वेळ काढायचा? हे निर्णय खेळाडूलाच घ्यायचे असतात. कोचचं काम म्हणजे ते त्याच्या अंगात आधीच मुरवून ठेवणं.

तरुण पार्टीकडे याचं उत्तर होतं. ठाकूर आल्यावर पलटण बदललीच नाही, हाच त्याचा शहाणपणा, असं त्यांचं म्हणणं. स्वतः एवढा मोठा चढाईपटू असून त्याने संघ एका चढाईपटूभोवती बांधला नाही. जुनी साखळी तशीच ठेवली, पकडीवरचा भर तसाच ठेवला आणि आदित्य शिंदेसारख्या तरुण पोराला चढाया करू दिल्या. गुणतक्त्यात पलटण पहिल्या दोनांत. पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्लीकडून हरली, पण दुसऱ्यात तेलुगू टायटन्सला हरवून फायनलला आलीच. "नवीन मॅनेजर आला की आधी सगळं मोडतो," माझा मित्र मला म्हणाला, "याने नाही मोडलं."

सर नुसते हसले. पण मान हलवली खरी.

मोठा खेळाडू, मोठा कोच?

हा वाद काही कबड्डीपुरता नाही. आपल्याकडे तर याची उदाहरणं पैशाला पासरी. रमाकांत आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, पण शिवाजी पार्कवर त्यांनी सचिन घडवला. चंद्रकांत पंडित भारताकडून खेळले, पण नाव झालं ते कोच म्हणून. विदर्भाला लागोपाठ दोन रणजी करंडक दिले. कॅप्टन असताना १९९९ मध्ये मध्य प्रदेशसाठी बंगळुरूत जो करंडक हुकला, तो २०२२ मध्ये कोच म्हणून त्याच चिन्नास्वामी स्टेडियमवर, तोही आपल्या मुंबईला हरवून जिंकला!

आणि अमोल मुझुमदार? प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा आणि भारताची टोपी एकदाही नाही. आम्ही टपरीवर बसलो होतो त्याच दिवशी नवी मुंबईत त्याच्या मुली ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेमीफायनल खेळत होत्या. रात्री ती जिंकली आणि रविवारी, २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्डकपही घेतला. २०२३ मध्ये तो कोच झाला तेव्हा 'याने भारताकडून एक मॅच तरी खेळलीय का' असं विचारणारे कमी नव्हते.

म्हणजे मोठा खेळाडू चांगला कोच होत नाही असं आहे का? तसंही नाही. गंमत बघा. फायनलला दिल्लीचा कोच होता जोगिंदर नरवाल. २०२२ मध्ये दिल्लीने पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा हाच त्यांचा कॅप्टन होता, आणि त्याच संघात अजय ठाकूरही होता. तेव्हाचे दोन सहकारी आता दोन बाजूंच्या लाइनवर उभे. त्यामुळे खेळाडू म्हणून कोण किती मोठा होता, यावरून काहीच सिद्ध होणार नव्हतं.

"पोरेस्ले शिकाडस का?"

इतका वेळ पायजम्यातले अप्पा गप्प बसून तंबाखू मळत होते. चर्चा स्टॅटिस्टिक्सवर आली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न टाकला. "ते ठीक शे. पण पोरेस्ले शिकाडस का तो?" पोरांना शिकवतो का तो?

टपरी क्षणभर शांत. कारण इथे कोचला मोजायचं माप हेच आहे.

जरा समजून घ्या. तालुक्याच्या गावात कबड्डी खेळायला लागतं काय? थोडी मोकळी जागा, चुन्याची फक्की आणि सात-सात पोरं. बॅट नको, बूट नको, किट नको. त्यामुळे खेळणारे भरपूर. कॉलेजांच्या स्पर्धा आहेत, खान्देशचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, त्याच्या संघात निवड झाली तर पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे चांगल्या स्पर्धेतलं एक सर्टिफिकेट पोलीस भरतीत किंवा सरकारी ऑफिसात घराचं भवितव्य फिरवू शकतं. इथल्या आईबापांना मेडलपेक्षा हे जास्त कळतं, आणि त्यात चूक काहीच नाही.

मग अडतं कुठे? शिकवणाऱ्यापाशी. लहान गावातल्या कॉलेजात बहुतेकदा एकच क्रीडा शिक्षक. त्याने कबड्डीही बघायची, खो-खोही, व्हॉलीबॉलही, धावणंही आणि बुद्धिबळाची टीमही न्यायची. त्यात माती आणि मॅट यांत जमीन-अस्मानाचा फरक. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर बूट घालून वळावं लागतं. मातीवर वाढलेलं पोरगं निवड चाचणीला पहिल्यांदा मॅटवर उतरतं आणि तिसऱ्या चढाईला घोटा मुरगळून बसतं. "ताकद होती, दम होता," सर सांगत होते, "फक्त आठ दिवस आधी कोणी मॅटवर नेलं असतं तर!" असं कितीदा झालं, हे त्यांनी सांगितलं नाही. काठीने मातीतली ती निदान रेषा मात्र पुन्हा पुन्हा गिरवत राहिले.

चाकणवाल्याचंही तेच. बारावीपर्यंत तो कोपऱ्यात खेळायचा. घोटा पकड अशी, की सुटणं नाही. आता रात्रपाळी करतो. त्याला विचारलं, पुढे का नाही खेळलास? म्हणाला, "सांगणारं कोणी पाहिजे ना भो. कुठे जायचं, कोणाला भेटायचं, फॉर्म कधी भरायचा. सर होते तोवर ठीक होतं. ते रिटायर झाले आणि आमची बॅच सुटली." तक्रारीचा सूर नव्हता. बसची वेळ सांगावी तसं सांगून टाकलं त्याने.

म्हणून पलटणवर इथे एवढं प्रेम. अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. आताचं अहिल्यानगर. लहानपणीच वडील गेले, आईने मजुरी करून वाढवलं. आकाश शिंदे आपल्या नाशिककडचा. दोघं पलटणमध्ये आले, खेळले आणि २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत इराणला हरवून सुवर्णपदक घेऊन आले. गावच्या मातीतून मॅटवर आणि मॅटवरून चीनपर्यंत. मधल्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी बोट धरलेलं असणार, हे टपरीवरच्या प्रत्येकाला कळत होतं.

पलटणचा कोच कोण, या प्रश्नाकडे ते याच नजरेने बघतात. चषक येईल की नाही हा एक भाग झाला. नवा माणूस तयार स्टार विकत आणेल, की विशीतल्या पोरांना वर काढेल, हा खरा भाग. आपल्या तालुक्यातलं एखादं पोरगं उद्या तिथे पोचलं, तर त्याला उभं करणारा माणूस तिथे असेल का?

फायनलची रात्र

शुक्रवारी संध्याकाळी मित्राच्या घरी आईंनी बेत केला होता. भरताची वांगी भाजून, हिरवी मिरची ठेचून केलेलं भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा आणि तेल. कळणं म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेलं पीठ. ही भाकरी हातात घेतली की बाकीचं सगळं विसरायला होतं. "अजून एक घ्या, पुण्यात कुठे मिळते?" असं म्हणत आईंनी तिसरी वाढली. नाही म्हणायची सोय नव्हती.

अंगणात टीव्ही आणून ठेवलेला. आठ वाजेपर्यंत वीसेक जण जमले. सर खुर्चीवर, पोरं सतरंजीवर, अप्पा ओट्यावर. मॅच तुम्हाला आठवत असेल, तर पुढचं सांगायला नको. दिल्लीने सुरुवातीपासून पकड ठेवली. पलटण मागे पडली, मग दुसऱ्या हाफमध्ये एकेक गुण जोडत जवळ आली. आदित्य शिंदे चढाईला निघाला की अंगणात 'कबड्डी कबड्डी'चा दम टीव्हीच्याही आधी सुरू व्हायचा. आणि समोर बचावात उभा होता इराणचा फझल अत्राचली. हाच तो फझल, ज्याच्यावर २०२२ मध्ये पुण्यानेच १ कोटी ३८ लाखांची बोली लावली होती!

शेवट ३१-२८. दिल्ली जिंकली. तीन गुण. एक लोण वाचवला असता, एक पकड अर्धा सेकंद उशिरा मारली असती, तर... हे 'तर' मग तासभर चाललं.

कोणी कोचला शिव्या घातल्या नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे क्रिकेटची फायनल हरली की रात्रीच्या आत कोचचा राजीनामा मागून होतो. सरांनी पाणी प्यायलं आणि निकाल दिला, "पास. डिस्टिंक्शन नाही, पण पास. शेवटच्या मिनिटापर्यंत पोरं कुठे घाबरली नाहीत. हे शिकवल्याशिवाय येत नाही." तरुण पार्टीने टाळ्या पिटल्या. रमेशवाले म्हणाले, तेच असते तर कप आला असता. सर म्हणाले, "रमेशसुद्धा पहिली फायनल हरलेच होते की. ते विसरलात?"

आणि मग त्यांनी चाकणवाल्याकडे वळून विचारलं, "तू किती दिवस आहेस अजून?" रविवारपर्यंत, तो म्हणाला. "मग उद्या सकाळी साडेसहाला ग्राउंडवर ये. आठवी-नववीची पोरं येतात. कोपरा कसा धरायचा ते दाखव त्यांना. माझे गुडघे आता वाकत नाहीत."

शनिवारी सकाळी मी परतीची बॅग भरत होतो तेव्हा मित्र म्हणाला, ग्राउंडवर जाऊन आलो, भाऊ खरंच पोचलाय. टी-शर्ट कंपनीचा, पाय अनवाणी. दहा-बारा पोरं गोल करून उभी, आणि हा प्रत्येकाचा डावा पाय हाताने धरून जागेवर ठेवतोय. दिवाळीची सुट्टी संपल्यावर काय, असं मी विचारलं. "कानबाईला येईलच की परत," मित्र म्हणाला. श्रावणाला अजून नऊ महिने होते. पण दोन दिवसांचा का होईना, गावाला कोच मिळाला होता.

जायचंय? हे लक्षात ठेवा

कसं जाल: मुंबईहून पश्चिम रेल्वेने सुरत-नंदुरबारमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. सगळ्या एक्स्प्रेस शिंदखेड्याला थांबत नाहीत, तेव्हा थांबा बघूनच तिकीट काढा. पुण्याहून रस्ता सोयीचा: नाशिक, मालेगाव, धुळे, सोनगीर, नरडाणा आणि मग डावीकडे. धुळ्याहून एसटी आहे.

कधी जाल: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये खान्देशातलं ऊन अंगावर घेण्याची हौस नसेल, तर टाळा. श्रावणात नागपंचमीनंतर येणारा कानबाईचा सण बघायचा असेल, तर ओळखीचं घर शोधून ठेवा. हा सण हॉटेलात राहून कळत नाही.

काय बघाल: मुडावदला पांझरा आणि तापीचा संगम, काठावर कपिलेश्वराचं देऊळ. शिंदखेड्याजवळच पाटणची आशापुरी माता. दोंडाईच्याला मिरचीचा बाजार, पण नाकाला रुमाल बांधून! डिसेंबरात दत्तजयंतीला तापीकाठीच सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरते, ती चुकवू नका.

काय खाल: भरीत आणि कळण्याची भाकरी, शेवभाजी, डुबुक वडे, खापरावरचे मांडे. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. सांगूनही तिखटच येईल, पण सांगा.

काय बोलाल: 'कसं काय भो' एवढ्याने काम भागतं. आणि कोणत्याही टपरीवर बसून पलटणचं नाव काढा. चहाचे पैसे द्यायला तुम्हाला कोणी देणार नाही.